साहेबांना सलाम सांगा

मी बांगड्या भरते. तासगावात आमचं दुकान आहे, सासऱ्यांच्या आधीपासूनचं, आणि लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच गादीवर बसते. समोर हात आला की दोन-चारचं माप लागेल की दोन-सहाचं, हे मला विचारावं लागत नाही. वर्षातून एखाद्या वेळी अंदाज चुकतो आणि त्या दिवशी मी घरात कुणाशी धड बोलत नाही. असा माझा स्वभाव आहे, आणि घरच्यांनी तो आता पत्करलेला आहे.

लिहायला लागले ते दुकानं बंद होती त्या वर्षी. समोर हात येईनात, मग मी दिवसभर घरच्यांना जुन्या गिऱ्हाइकांचे किस्से ऐकवू लागले. शेवटी मुलगी कंटाळली. तिनं माझ्या मोबाइलवर एक ब्लॉग काढून दिला आणि म्हणाली, "अम्मी, हे सगळं इथं लिही आणि आमची सुटका कर." घरात आम्ही दखनी बोलतो, पण मी शिकले मराठी शाळेत, दहावीपर्यंत. लिहायचं म्हटलं की हाताला मराठीच येते.

मी हातांबद्दल लिहायचं ठरवलं. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही, फक्त हात. द्राक्षाच्या बागेत विरळणी करणाऱ्या बाईच्या अंगठ्याला कात्रीनं पडलेला घट्टा. बांगडी चढताना सगळं सोसणारी आणि चढून झाल्यावर रडणारी नवरी. दर वर्षी "ह्या शेवटच्या गं" म्हणून भरून जाणारी आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर होणारी एक म्हातारी. दुकान पुन्हा उघडेपर्यंत असे आठ-नऊ हात लिहून झाले आणि एकानंही वाचले नाहीत. घरी दीर जेवताना "लेखिकाबाई, आमटी वाढा" म्हणायला लागले. मी आमटी वाढली आणि मनात ठरवलं की आता हे बंद. कुणी विचारलं तर वेळ मिळत नाही असं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीच्या हातावर लिहिलेल्याखाली एक ओळ आलेली होती. "वाचलं. हात डोळ्यांपुढं आला. पुढचा हात कधी?"

एवढंच. ती ओळ मी दुकानात वाचली, स्वयंपाकघरात वाचली, आणि दिरांना मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवली. मग पुढचा हात लिहिला. त्यालाही उत्तर आलं. कुणी म्हणेल, दोन ओळींनी काय होतं? होतं. पुढच्या वर्षी मुलीच्या कॉलेजात पालकांची सभा होती. दर वेळी मी मागच्या बाकावर ओढणी सारखी करत बसून यायची. त्या वेळी हात वर केला, उभी राहिले आणि वसतिगृहातल्या पाण्याबद्दल चांगलं पाच मिनिटं बोलले. मुलगी नंतर म्हणाली, "अम्मी, जरा जास्तच बोललीस." पण पाणी आलं.

ती ओळ लिहिणारीचा स्वतःचाही ब्लॉग होता. ती साताऱ्याकडची, औंधपासून जवळच्या एका गावातली, साठीच्या पुढची. नवरा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, असं तिनंच लिहिलं होतं. मी तिला काकी म्हणायची आणि ती मला ताई म्हणायची, वयानं मी तिच्या मुलीएवढी असूनही. दर गुरुवारी ती एक गोष्ट लिहायची. नवऱ्याबरोबर फिरलेल्या छावण्या, एकाच लोखंडी पेटीत मावणारा संसार, बर्फात न मळलं जाणारं भाकरीचं पीठ. आणि प्रत्येक गोष्टीत शेवटी सुभेदारसाहेब चहा घेत बसलेले असायचे आणि तिच्या लिहिण्याला नावं ठेवायचे. "हे म्हणतात, पेटी हिरवी नव्हती, खाकी होती." "हे म्हणतात, तू मला फार खडूस दाखवतेस." मला ते साहेब फार आवडायचे. माझे मालक माझं लिहिलेलं वाचून "बरंय" म्हणतात आणि पंख्याचा वेग वाढवतात. इथं एक माणूस भांडतो तरी.

म्हणून मी तिच्या गोष्टीखाली जे काही लिहायची, त्याच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची, "साहेबांना माझा सलाम सांगा." तिचं उत्तर यायचं, "सांगितला." दोन वर्षांत एकही गुरुवार चुकला नाही.

एका गुरुवारी तिनं एक फोटो टाकला. किटलीतून दोन कपांत चहा ओततानाचा तिचा हात. चेहरा नव्हता, साडीचा काठ, मनगटावर घड्याळ, आणि बाकी हात मोकळा. आता मला सांगा, माझ्यासारखीनं त्या फोटोत काय पाहावं? माझ्या शेजारणीनं आधी किटली पाहिली असती, कदाचित. पण मी मणियाराची सून. मला मोकळं मनगट दिसलं. दोन कप दिसले, म्हणजे साहेब बसलेत. घड्याळ दिसलं, म्हणजे छावण्यांमध्ये राहून बाईला काचेची सवय सुटली. एवढा सगळा हिशेब मी एका मिनिटात मांडला आणि मला काही करमेना. जिनं माझे इतके हात वाचले तिचा हात रिकामा, आणि मी इथं दुकान उघडून बसलेली.

मी तिला कळवलं, "काकी, पत्ता द्या. एक वस्तू पाठवायची आहे." तिनं पत्ता आणि फोन नंबर दिला. मी दुकानातल्या सगळ्यांत चांगल्या बांगड्या काढल्या. हिरव्यागार, वर सोन्याची बारीक टिकली. डझनावर एक जास्तीची, आमच्या सासूबाई देत तशी, आशीर्वादाची. कापसात गुंडाळल्या, कागदाच्या बोळ्यांत दाबून बसवल्या आणि वर चिठ्ठी ठेवली, "साहेबांच्या हातून भरून घ्या. त्यांना जमणार नाही, पण गंमत येईल." पार्सल पोचल्याचा निरोप माझ्या मोबाइलवर आला तेव्हा मी दुकानात सगळ्यांना सांगितलं.

त्या गुरुवारी तिची गोष्ट आली नाही. पुढच्याही आली नाही. मी नवा हात लिहिला, त्याखाली ओळ आली नाही. आधी वाटलं, आजारी असेल. मग वाटलं, बांगड्या फुटलेल्या निघाल्या असतील आणि ती संकोचानं बोलत नसेल. मग वाटलं, माप चुकलं. त्या विचारानं मी दोन दिवस चिडचिड केली, आणि तेच ऐकावं लागेल म्हणून फोनही केला नाही. ह्यापलीकडं काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पौषात औंधला यमाईची जत्रा भरते आणि आमच्या मालकांचं तिथं दर वर्षी बांगड्यांचं दुकान असतं. ते निघताना मी गावाचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "त्या गावची कुणी बाई आली तर सुभेदारांच्या घरची चौकशी करा." ते हो म्हणाले. माझा नवरा कमी बोलतो, पण सांगितलेलं विसरत नाही.

परत आल्यावर त्यांनी आधी पेट्या उतरवल्या, हात-पाय धुतले, जेवले. मग मला म्हणाले, "बस जरा." त्या गावची एक बाई त्यांच्याकडं बांगड्या भरायला आली होती. त्यांनी सुभेदारांचं विचारलं तर ती म्हणाली, "आवं, सुभेदार जाऊन चार वरसं झाली की. बाई एकलीच असती घरात. पोरं पुन्याला हायती."

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू? रडू नंतर आलं, राग आधी. दोन वर्षं मी त्या माणसाला सलाम पाठवतेय आणि ही "सांगितला" म्हणून उत्तर देतेय. एका शब्दानं सांगायचं नव्हतं? मी मोबाइल घेतला आणि तिचा ब्लॉग पहिल्यापासून वाचायला बसले, चोर पकडायला बसावं तशी. आणि वाचता वाचता माझा राग गेला. साहेब प्रत्येक गोष्टीत होते, पण ते कधी बाजारात गेले नाहीत, कधी त्यांना खोकला झाला नाही, कधी कुणी त्यांना भेटायला आलं नाही. ते फक्त चहा घेत होते आणि तिच्याशी भांडत होते. तेवढ्या एका जागी तिनं त्यांना राखलं होतं. आणि तिथं मी हिरव्या बांगड्या पाठवून दिल्या, वर तसली चिठ्ठी.

सवाशिणीचा चुडा मी अशा बाईला पाठवला होता जिच्या हातातल्या बांगड्या भरल्या घरात, चार बायकांनी धरून फोडल्या असणार. आमच्या धंद्यात हे सगळं आम्हाला इतरांपेक्षा जास्त माहीत असतं. पण तेही एक वेळ सोसलं असतं. मला घाबरवलं ते गुरुवारांनी. तिनं लिहायचं सोडलं होतं. तिनं लिहिलं नाही तर साहेब चहा घेणार कुठं? ती जागा माझ्यामुळं गेली, ह्या एका विचारानं मला दुकानात बसवेना.

मी फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. असं तीनदा केलं. सभेत पाच मिनिटं बोलणारी मी, माझी जीभ उचलेना. मालक म्हणाले, "आता राहू दे. अजून छेडू नको." त्यांचं चुकीचं नव्हतं.

पण सासूबाईंनी मला ह्या गादीवर बसवताना पहिली गोष्ट शिकवली होती. बांगडी चढवताना मध्येच फुटली आणि काच लागली तर बाईचा हात सोडायचा नाही. आपण घाबरून सोडला की ती हात ओढते, आणि ओढताना खरी चीर पडते. घट्ट धरून ठेवायचा, काच काढायची, दाबून धरायचं आणि बोलत राहायचं. हे मी शेकडो वेळा केलेलं आहे. मी ठरवलं, काकीचा हात सोडायचा नाही.

रोज सकाळी दुकान झाडून झालं की तिची एक जुनी गोष्ट उघडायची आणि तिच्याखाली दोन ओळी लिहायच्या, असं मी सुरू केलं. पहिल्या गोष्टीपासून. "काकी, ती पेटी अजून आहे का? आमच्याकडं तशीच आहे, तिच्यात आम्ही काचेचा माल ठेवतो." दुसऱ्या दिवशी पिठाची गोष्ट. तिसऱ्या दिवशी रेल्वेत हरवलेल्या पोळपाटाची. बांगड्यांचा विषय काढला नाही. सलामही लिहिला नाही, कारण लिहिला तर ते नाटक होणार होतं आणि नाटक मला जमत नाही. पण नवव्या की दहाव्या गोष्टीखाली माझ्या लक्षात आलं की न लिहिणं हेही नाटकच आहे. सलाम गाळला की तिला कळणारच, मला कळलंय ते.

मग मी सरळ लिहिलं. तिच्या ब्लॉगवर नाही, तिच्या एकटीसाठी, फोनवर. "काकी, मला औंधच्या जत्रेत कळलं. मी न विचारता अंदाज बांधला आणि तुम्हाला दुखवलं. माफ करा. एकच सांगा. साहेबांना सलाम पाठवायचा मी बंद करू का?"

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी लांबच्या लांब उत्तर आलं. मी ते गादीवर बसूनच वाचलं आणि समोरच्या बाईला सुट्टीवर आलेल्या माझ्या मुलीकडं पाठवलं.

तिनं लिहिलं होतं, बंद करू नको. तुझा सलाम आला की मी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत जाते, ह्यांच्या फोटोपुढं उभी राहते आणि वाचून दाखवते. "सांगितला" हे मी तुला कधी खोटं लिहिलेलं नाही. घरात मी ह्यांचं नाव काढलं की पोरं विषय बदलतात, आईला त्रास होईल म्हणून. गावात लोक मला एकटीला बघतात आणि आवाज खाली करतात. चार वर्षांत ह्यांना निरोप पाठवणारं तूच एक माणूस. बांगड्यांचा डबा उघडला तेव्हा मला तुझा राग नाही आला. माझीच लाज वाटली, की एका चांगल्या पोरीला मी दोन वर्षं फसवत आले. आता तिला कसं सांगू, ह्या विचारात लिहायचं राहून गेलं. बांगड्या मी घालणार नाही. परतही पाठवणार नाही.

म्हणजे ती तिथं माझ्या भीतीनं गप्प आणि मी इथं तिच्या. मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. मुलीनं विचारलं तर तिला सांगितलं, काच गेली डोळ्यात. काचेच्या दुकानात हे उत्तर चालतं.

पुढच्या गुरुवारी गोष्ट आली. तिनं ते गेले तो दिवस लिहिला होता. पेन्शनसाठी दर वर्षी बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी साहेब सकाळीच तयार झाले होते. बुटांना पॉलिश केलं, टोपी घातली, आणि बूट बांधायला वाकले ते पायरीवरच बसले. हयातीचा दाखला द्यायला निघालेला माणूस, असं तिनं लिहिलं होतं, आणि पुढं, हे असते तर ह्यावर सर्वांत आधी हसले असते. मग कोण कोण आलं, आजूबाजूच्या गावांतले निवृत्त फौजी कसे ओळीनं उभे राहिले, सलामी कशी दिली, मोठ्या मुलाची गाडी वाटेत कुठं अडकली. सगळं नीट, क्रमानं. त्या गोष्टीत पहिल्यांदाच शेवटी चहा नव्हता.

तिचे वाचक माझ्यासारखेच अंधारात होते. दिवसभर त्या गोष्टीखाली ओळी येत राहिल्या. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला लोक त्या दिवशी श्रद्धांजली वाहत होते. कुणी लिहिलं, सुभेदारसाहेब आम्हाला घरचे वाटायचे. कुणी लिहिलं, आता तुमच्याशी भांडणार कोण? कुणा माजी सैनिकानं कडक सलाम ठोकला. खाली काकीचं प्रत्येकाला उत्तर. "सांगितलं." "सांगितलं." मी वाचत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की त्या दिवशी मी गिऱ्हाइकांशी रंगावरूनही भांडले नाही.

माझी ओळ मात्र राहिली होती. सलाम लिहिणार होते, लिहायलाही घेतला, आणि थांबले. मी ती गोष्ट पुन्हा वाचली, ह्या वेळी माझ्या नेहमीच्या पद्धतीनं, हात शोधत. त्यात साहेबांचे हात होते, बुटांच्या नाडीवर. सलामीला उठलेले हात होते. मोठ्या मुलाचे खांद्यावर मडकं धरलेले हात होते. तिचे नव्हते. सबंध दिवसात ती कुठं बसली होती, काय करत होती, कुणी तिच्याजवळ होतं का, ह्याचा एक शब्द नव्हता. आणि दिवसभर आलेल्या ओळींतही तिच्याबद्दल कुणी विचारलेलं नव्हतं. मीही दोन वर्षं साहेबांनाच विचारत आले होते.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं आणतात आणि पाव्हण्यारावळ्यांना वाढतात. मी लिहिलं, "काकी, त्या दिवशी तुम्हाला कुणी जेवायला वाढलं होतं का?"

त्याला खाली उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. दुकानात लग्नाचं घर बसलेलं होतं, नवरीचा हात माझ्या हातात होता. नंबर पाहिला आणि मी नवरीला म्हटलं, दोन मिनिटं, बाळ. काकीचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. लिहिताना ती शाळेतल्या बाईंसारखी लिहायची. बोलली ती तिच्या गावचं.

"न्हाई गं," ती म्हणाली, "कुनी वाढलं न्हाई. म्या बी मागितलं न्हाई, मागायचं तरी कसं? पर भूक लागली हुती, पोरी. ह्ये समोर निजल्यालं आन् मला लय भूक लागली हुती. आजपातूर कुनाला सांगितलं न्हाई."